ओलांडता न आलेली ओळ

जेवणं उरकली होती, गावातली लाइट गेली होती. धुडकूआबांनी पोरांना जवळ बसवलं. म्हणाले, “हसू नका रे. हेमराज माझ्या मावसभावाचा पोरगा. त्याच्यावर गुदरलेलं सांगतोय.”

गेल्या साली, पोळ्याच्या अमावास्येची संध्याकाळ. हेमराज नंदुरबारहून खांडबाऱ्याला निघाला. काम साधंच. सोबत काम करणाऱ्या नूतनकडे राहिलेला कंपनीचा लॅपटॉप तिच्या आईकडून परत आणायचा.

दोघंही घरूनच एका कंपनीसाठी डीबगर तपासायचे. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून एकेक ओळ बघायचं साधन. कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर कधी कधी छोटं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, मोठ्याच्या पोटात विरघळवून टाकतो. ‘स्टेप ओव्हर’ची कळ दाबली की डीबगरनं ते विरघळलेलं फंक्शन न थांबता ओलांडायला हवं. तसं होतं का, हे बघणाऱ्या चाचण्या नूतननं महिनोन्‌महिने बसून लिहिल्या. हेमराजनं त्या आपल्या नावावर खपवल्या. वर साहेबांच्या कानावर घातलं, ती काही करतच नाही. तिची नोकरी गेली. त्याच आठवड्यात चिंचपाड्याच्या रस्त्यावर तिची स्कूटी ट्रकखाली आली...

दार उघडलं ते नूतनच्या आईनं, अनुसयाबाईंनी. हेमराजनं काय केलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“बैस बेटा. मन्ही पोर काय काम करे, ते माले एकदाव दखाड. तू चालू कर, तवलग मी शेजारथून दूध लई येस.”

नाही कसं म्हणणार? त्या गेल्या. हेमराजनं लॅपटॉप उघडला, चाचणी चालवली, स्टेप ओव्हर दाबलं.

कर्सर पुढं गेला नाही. आत शिरला. त्या विरघळलेल्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर जाऊन थांबला.

काहीतरी बिघाड असेल. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा आत. आणि त्या ओळीवर, त्याच्या डोळ्यांदेखत, अक्षरं उमटली.

‘माले वलांडीसन चालना का?’

त्यानं लॅपटॉप धाडकन मिटला. आतल्या खोलीत कुणीतरी कळ दाबत होतं. टक्... टक्...

“कोण शे?”

...

तो दाराकडे धावला. उंबरा ओलांडला. पाय पडला तो खोलीतच. समोर लॅपटॉप. उघडा.

टक्.

परत धावला. परत खोली.

“नूतन... चुकनं मन्हं. सकायमा सायेबले सांगस, ते काम तुन्हं शे...”

टक्. आता अगदी मानेमागून.

“सकायमा?”

त्यानं तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला. सगळं ओकून टाकलं. फोन ठेवला. उंबरा ओलांडला.

खोली.

टक्.

अनुसयाबाई दूध घेऊन आल्या, तर हा दारात. उंबऱ्याच्या बाहेर. आत. बाहेर. आत... डोळे पांढरे. शेजाऱ्यांनी धरून आडवा केला तेव्हा कुठे पाय थांबले.

हेमराज अजून आहे. नोकरी नाही. कुठल्याही घरात शिरायचं तर दोघांना त्याला उचलून न्यावं लागतं.

मग आबा हळूच म्हणाले...

“त्या रात्री डॉक्टरनं त्याचा शर्ट काढला. पाठीवर बाईच्या अनवाणी पायाचा ठसा. टाचेपासून बोटांपर्यंत, काळानिळा. अजून तसाच आहे. शर्टाला मात्र साधी सुरकुतीही नव्हती.”