हद्दीवरची भिंत

जमीन हलली तेव्हा उत्तम शेलार तालुक्याच्या एसटी स्टँडवर चहा पीत होता. चहा हातावर सांडला, छताचे पत्रे वाजले आणि सगळ्यांनी खिशातून मोबाइल काढले. कोयनेच्या खोऱ्यात आता कुणी आधी माणसाला फोन करत नसे. आधी भिंत बघत.

भिंतींना जाणता गिलावा लावलेला असे. त्यात केसासारखे तंतू कालवलेले. ते भिंतीला आवळून धरत आणि कुठे तडा जाऊ लागला की तिच्यावरचा हिरवा दिवा लाल होई. तोच दिवा मोबाइलवर दिसे. उत्तमने आपल्या गावची, सावरटेकची अंगणवाडी पाहिली. हिरवा.

तेवढ्यात रंजनाचा, त्याच्या बायकोचा फोन आला. ती तिथेच सेविका होती.

"पोरं बाहेर, शेजारच्या हणमंततात्यांच्या रानात बसवलीत. मी कुंपणाच्या भिंतीच्या सावलीला हाय."

"घाबरलीस?"

"मी? तुमचाच आवाज कापतोय."

मग दुसरा धक्का आला आणि फोन कट झाला. उत्तमने पुन्हा पाहिलं. दिवा हिरवाच होता. त्याने सांडलेल्या चहाऐवजी दुसरा सांगितला. तो येण्याआधी हणमंततात्यांचा फोन आला.

"उत्तम, भिंत पडली. पोरं लांब होती, पण रंजना खाली हाय."

"काय बोलता तात्या? दिवा हिरवा हाय."

तात्या रडू लागले, तेव्हा त्याला कळलं.

तो पोचला तेव्हा भिंत तात्यांच्या रानात पालथी पडलेली होती. बिजागरीतून निखळलेल्या दारासारखी, अख्खी.

तेराव्यानंतर इंजिनियर मिसाळ मॅडम आल्या. त्यांनी पायाशी खणून घेतलं.

"गिलावा खोटं बोलला का?" उत्तमने विचारलं.

"नाही. त्याला फक्त तडा कळतो, आणि तडा गेलाच नाही." त्यांनी कुंपणाच्या अजून उभ्या असलेल्या मागच्या भिंतीला खांदा लावला. "धक्का लांबीच्या दिशेने आला तर भिंत पेलते. असा तोंडावर आला की तिला कपाटासारखं ढकलतो. पूर्वी अशी भिंत मधेच मोडायची. आता मोडत नाही, म्हणून सगळा जोर पायावर येतो. माणसाला ढकललं तर तो पाऊल पुढं टाकतो. हिला बाहेर पाऊल टाकायला जागाच ठेवलेली नाही."

खड्ड्यात पाया दिसत होता. सगळा आतल्या अंगाला. बाहेर हद्द होती, आणि हद्दीपलीकडे पायाचा दगड खोऱ्यात कुणी कुणाला घालू देत नाही.

"मागचीही अशीच?"

"अशीच."

ती पाडावी तर रानगवे आत शिरणार. आत सरकवावी तर अंगण उरत नव्हतं. बाहेरून हातभर पाया हवा होता, आणि ते रानही तात्यांचंच.

ग्रामसभेत उत्तमने ती हातभर जमीन मागितली. गिलावा विकणाऱ्याचा माणूस म्हणाला, भिंत कलली की सांगणारा आणखी एक दिवा बसवून देऊ.

"मग लावा की. जमीन कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं.

"कललेली कळंल," उत्तम म्हणाला. "सावरंल कोण?"

तात्या उठले. "माझ्या वाटणीची घे. पण सातबाऱ्यावर धाकट्या भावाचंबी नाव हाय. तो पुण्यासनं दिवाळीला येतो, फराळ डब्यात भरून नेतो, सही तेवढी द्यायची विसरतो."

लोक हसले. उत्तमही हसला. रंजना गेल्यापासून पहिल्यांदाच. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, ते त्याला सुचेना.

तो पुण्याला गेला. तात्यांच्या धाकट्या भावाने त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "वहिनींचं वाईट झालं," तो म्हणाला. "पण आज पाया, उद्या भिंत आत येते. मी हे गावात पाहिलंय."

"मी लिहून देतो."

त्याने मोबाइलवर मागची भिंत काढली आणि उत्तमपुढे धरली. "हिरवी आहे की. मग?"

त्या दिव्यावर आपणही असाच विश्वास ठेवला होता, हे उत्तमला आठवलं. या माणसाला काय सांगितलं तर पटेल?

तो सहीशिवायच परत आला. मुलं रोज सकाळी मागच्या भिंतीच्या कडेने अंगणवाडीत येतात. भिंतीच्या बाहेरच्या अंगाचा पाया अजून घालायचा राहिला आहे.