मुठीत ऊब दिलेली तबकडी

"आज भर सभेत मी सगळं सांगणार आहे, ताई. तुमच्या भावाला खरं कळायलाच हवं. आता मला अडवू नका," उतावळेराव म्हणाला आणि ताईनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

उतावळेराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शिकाऊ डॉक्टर म्हणून तो ताईच्या बाबांच्या दवाखान्यात आला, तेव्हा पेशंट टेकतो न टेकतो तोच औषध लिहून मोकळा व्हायचा, म्हणून बाबांनी लाडानं ठेवलेलं नाव. "अरे, आधी त्याला दम खाऊ दे, मग छाती तपास," असं सांगून सांगून बाबांनी त्याला माणसात आणलं. आता तो स्वतः मोठा डॉक्टर झाला होता, पण ताईच्या लेखी अजून उतावळाच. बाबांना जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, आणि आज त्यांच्याच शोकसभेत हा त्यांची झाकली मूठ उघडणार, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला होता!

गोष्ट अशी होती, की गेली काही वर्षं बाबांना ऐकू येत नव्हतं. कमी नव्हे, जवळजवळ येतच नव्हतं. कानात घालायची यंत्रं आणली, त्यांत नुसती घरघर वाजायची. ताई तेव्हा नुकतीच डॉक्टर झालेली, सर्जन व्हायला दूरच्या शहरात निघालेली, बॅगही भरून झालेली... त्या सकाळी एका लहान मुलीची छाती तपासून बाबा "स्वच्छ आहे" म्हणाले. ताईनं सहज आपली नळी लावली, तर आत नुसती खरखर! मुलगी औषध घेऊन गेली, तसे बाबा चष्मा काढून बसून राहिले. "दार बंद करतो उद्यापासून," एवढंच म्हणाले. त्यांचा तो पडलेला चेहरा ताईला बघवेना. तिनं बॅग उपसली, कपडे परत कपाटात लावले, आणि पुन्हा त्या शहराचं नावही काढलं नाही.

तेव्हापासून बाहेरच्या खोलीत ताई छाती तपासायची, मग आत बाबांच्या खांद्यामागे उभी राहून बोटांच्या खुणेनं त्यांना कळवायची. बाबा मात्र आपला शिरस्ता सोडत नसत. स्टेथोस्कोपची तबकडी आधी मुठीत धरून ऊब द्यायची, पेशंटला गार लागू नये म्हणून, मग डोळे मिटून ती छातीवर ठेवायची. ऐकू काही येत नसे, पण त्या हातानंच माणसाला धीर यायचा.

हे ठाऊक होतं फक्त उतावळेरावाला. आणि कळू द्यायचं नव्हतं ते धाकट्याला, ताईच्या भावाला, जो समुद्रापलीकडे नोकरीला होता. "त्याला कळलं तर चालती नोकरी सोडून धावत येईल," बाबा म्हणायचे. "एक लेकरू माझ्यापायी अडकलं तेवढं पुरे. माझी शप्पथ घे." आणि ताईनं शप्पथ घेतली होती!

त्या शपथेनंच घात केला. धाकट्याचा फोन आला की ताईच उचलणार, ताईच बोलणार. बाबा पेशंट बघतायत, बाबा झोपलेत, बाबा फिरायला गेलेत... किती थापा माराव्यात माणसानं! तो भेटायला यायचा तेव्हा बाबा स्वतःच बोलत सुटायचे, त्याला एक शब्द बोलू द्यायचे नाहीत, कारण समोरच्याचं ऐकायची पाळीच येऊ नये. भोळा धाकटा समजायचा, बाबांना आपलं ऐकूनच घ्यायचं नाही. आणि मग त्याला मुलगी झाली. तिकडच्या इस्पितळातूनच त्यानं फोन लावला, नातीचं रडणं आजोबांना ऐकवायचं म्हणून, आणि ताई म्हणाली, बाबा कामात आहेत. त्या दिवसापासून त्यानं जे तोंड फिरवलं, ते बाबा गेल्यावरच तो घरी आला.

काल संध्याकाळी बॅग भरताना तो शांतपणे म्हणाला होता, "ताई, दवाखाना तूच ठेव. मला काही नको. तू माझे बाबाच ठेवून घेतलेस, आता उरलंय काय?" खरं काय ते ताईच्या ओठांवर आलं. पण शप्पथ मेलेल्या माणसाची असली, म्हणून काय सुटते?

सभेला शाळेचा हॉल भरला होता. धाकटा पहिल्या रांगेत, दुपारच्या विमानाच्या घाईत, पाय हलवत बसलेला. ताई खांबाआड. एकेक जण बोलत होता, आणि ताई उतावळेरावावरून नजर हलवत नव्हती. आता उतावळेराव उठेल. आता सगळा गाव म्हणेल, बहिऱ्या डॉक्टरनं आमच्या छात्या तपासल्या, आम्हाला फसवलं... ज्या नावासाठी तिनं सगळं वेचलं, ते नाव आता मातीला मिळणार! उतावळेराव माईककडे निघाला तशी ती त्याला अडवायला उठलीच. पण त्याच्याआधी दम्यानं धापा टाकत एक म्हातारी माईकपाशी जाऊन पोचली. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणारी शिंपीणबाई.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं, हे तर आपल्या सगळ्यांना ठाऊकच आहे."

ताई खांबाआड थबकली. पण हॉलमध्ये कुणी चमकलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. माणसं नुसती मान डोलवत होती.

"एकदा नळी कानात घालायचीच विसरले," शिंपीणबाई सांगू लागली. "गळ्यात तशीच लोंबती, आणि हे आपले डोळे मिटून माझी छाती ऐकतायत. मी म्हटलं, ऐका बापडे. ताईनं बाहेर नीट तपासलंच होतं. मी आत जायची ती त्या उबेसाठी. निम्मा दमा तिथंच उतरायचा. आम्ही एकमेकांना सांगून ठेवलं होतं, डॉक्टरांसमोर तोंड करून सावकाश बोलायचं. आणि ताईला कळू द्यायचं नाही. पोरगी बिचारी एवढी जपतेय, तिचा हिरमोड कशाला करा?"

हॉलभर हसू पसरलं, आणि त्याच हसण्यात पदर, रुमाल डोळ्यांना लागले. उतावळेराव माईकपाशी जाऊन "माझं भाषण यांनीच केलं" म्हणाला आणि खाली बसला. ताईनं भीत भीत पहिल्या रांगेकडे पाहिलं. धाकट्याची खुर्ची रिकामी होती.

ती तशीच धावत सुटली. गेला, न बोलता गेला, आता हा आयुष्यात परत यायचा नाही... घरी पोचून बघते, तर दवाखान्याचं दार उघडं. धाकटा पेशंटच्या स्टुलावर बसला होता, समोर बाबांची खुर्ची, टेबलावर फोन आणि स्टेथोस्कोप. त्याची बॅग दारातच पडली होती.

"म्हणून फोन देत नव्हतीस?" त्यानं विचारलं.

"म्हणूनच रे."

"आणि मला मुलगी झाली त्या दिवशी?"

ताईनं डोळे पुसले. आता लपवायचं कुणासाठी? "त्या दिवशी ते इथंच होते, माझ्याशेजारी. मीच तुला सांगितलं, कामात आहेत. तू चिडून गप्प झालास, पण फोन ठेवला नाहीस, ती मागे रडतच होती. बाबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. ही तबकडी मुठीत धरून ऊब दिली, आणि रिसीव्हरवर ठेवून, कानात नळ्या घालून ऐकत बसले. डोळे मिटून. तू फोन ठेवल्यावरसुद्धा..."

"ऐकू आलं त्यांना?"

"कुठलं येतंय! मलाच विचारलं, 'चांगली रडतेय ना गं?' मी खुणेनं सांगितलं, हो बाबा, खणखणीत. तर म्हणाले, 'फुप्फुसं छान आहेत. बापावर गेलीय.' आणि दिवसभर जो येईल त्या पेशंटला, नात झाली म्हणून सांगत सुटले."

धाकट्यानं टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. ताई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. सवयीनं तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला, आणि तो त्यानं घट्ट धरून ठेवला. "तुझं शहर, तुझं शिक्षण... सगळं गेलं ना गं, ताई," तो एवढंच म्हणू शकला.

बऱ्याच वेळानं त्यानं चेहरा पुसला. विमानाची वेळ केव्हाच टळली होती. त्यानं फोन जवळ ओढला, घरचा नंबर फिरवला, आज येत नाही म्हणून बायकोला सांगितलं आणि मुलीला बोलवायला लावलं. पलीकडून चिमुकला आवाज आला, तसा त्यानं रिसीव्हर ताईपुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "आत्याशी बोलायचंय तिला."