एकाच सेकंदाचे दोन फोटो

ही गोष्ट घडलेली आहे. बनवायची असती तर मी तिच्यात जंगल घातलं असतं, घुबड घातलं असतं, निदान लाइट तरी घालवले असते. पण लाइट होते. एसीसुद्धा चालू होता. मंगळवारची लख्ख सकाळ होती आणि माझा मावसभाऊ ऑफिसात खिडकीपाशी बसून चहात बिस्किट बुडवत होता.

त्याला आम्ही सगळे डेमो म्हणतो. तो वेबसाइट बनवतो. गिऱ्हाइकासमोर ती बंद पडली की शांतपणे म्हणतो, "हा डेमो आहे."

डेमोची आई लवकर गेली. त्याला आत्याने वाढवलं. जेवू घातलं, फटके दिले, शिलाई मशीन विकून पहिला कॉम्प्युटर घेऊन दिला. पुढे आत्याचे गुडघे गेले तेव्हा डेमोने तिला वृद्धाश्रमात ठेवलं.

"रविवारी येतो," म्हणाला.

कुठल्या, ते म्हणाला नाही.

आत्याची खाट फुकट होती. त्याबदल्यात डेमो आश्रमाची वेबसाइट सांभाळायचा. आयाने रोज सकाळी प्रत्येक आजी-आजोबांचा फोटो काढून फोल्डरमध्ये टाकायचा. डेमोच्या प्रोग्रामने ते फोटो तारखेप्रमाणे लावायचे, सगळ्यात ताजा सगळ्यात वर. परदेशातल्या मुलांनी ते बघून हुश्श करायचं.

आठवडाभरात आयाला कंटाळा आला.

"अहो, फोटो कोण बघतंय?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "सगळे खालची तारीख बघतात. ती तेवढी रोज बदलता येईल का?"

येते. फाइल न उघडता तिची तारीख बदलता येते. डेमोने चार ओळी लिहिल्या. त्या दिवसापासून फोटो तेच आणि तारीख रोज ताजी.

एकच भानगड होती. त्याचा प्रोग्राम प्रत्येक फोटोला त्याच्या वेळेवर बसवायचा, थिएटरात सीटवर बसवतात तसं. दोन फोटोंची वेळ अगदी एकाच सेकंदाची निघाली, तर दुसरा येऊन त्याच सीटवर बसायचा आणि पहिला पानावरून गायब. नीट दुरुस्त करायला तासभर लागला असता. डेमोने नुसतं सगळ्यांना एकेक सेकंद सोडून वेळ दिली आणि तास वाचवला.

तर, मंगळवार. फोन वाजला. आश्रमातल्या एका निवृत्त मास्तरांचा मुलगा होता.

"बाबा दिसत नाहीयेत पानावर."

"रिफ्रेश करा."

"चारदा केलं हो."

डेमोने पान उघडलं. खरंच... मास्तर नव्हते.

फोल्डरमध्ये त्यांचा फोटो जागच्या जागी होता. पण पानावर त्यांच्या सीटवर दुसराच फोटो बसला होता. त्याच सेकंदाचा.

एक खुर्ची.

लाकडी. भिंतीला पाठ लावलेली. रिकामी.

आयाने चुकून टाकला असेल, म्हणून डेमोने तो उडवला. तोवर बिस्किट चहात पडलं होतं. त्याला वाईट वाटलं ते बिस्किटाचं.

दुपारी मॅनेजरबाईंचा फोन. "मास्तर गेले हो. सकाळीच, झोपेत. फोटो एवढ्यात काढू नका. मुलाला महिनाअखेरीस, पैसे आले की कळवू. तोवर तारीख ताजी असू दे."

पुढच्या आठवड्यात खुर्ची परत आली...

या वेळी स्वेटरवाल्या आजींच्या सेकंदावर.

आजी संध्याकाळी गेल्या. स्वेटर आयाने घेतला.

डेमोने आयाला फोन लावला. "तो खुर्चीचा फोटो का टाकतेस गं सारखा?"

"कुठला फोटो? कॅमेरा कधीचा बंद आहे, दादा. आणि लाकडी खुर्ची कुठून आणू? आपल्याकडे सगळ्या प्लॅस्टिकच्या आहेत."

तिच्या मागे कुठेतरी लाकूड कुरकुरलं...

"तो आवाज कसला?"

"कसला? इथे काहीच नाही वाजत," आया म्हणाली.

दोन दिवसांनी डेमोने पान उघडलं आणि त्याचा हात माउसवरच राहिला.

आत्या नव्हती.

तिच्या जागी खुर्ची होती.

त्याने ती उडवली. परत आली. फोल्डरला कुलूप लावलं. कुलपाच्या आत आली. मग त्याने तो तास, जो इतके महिने वाचवला होता, तो खर्च केला. प्रोग्राम पुन्हा लिहिला. आता कुणी कुणाच्या सीटवर बसणार नव्हतं, एका सेकंदाचे दोन फोटो शेजारी शेजारी दिसणार होते.

दिसले. आत्या, आणि तिला खेटून खुर्ची.

फोन वाजला. "दादा, आत्यांना श्वास लागलाय. ओठ निळे पडलेत. या लवकर!" आया ओरडत होती.

आश्रम गाडीने अर्ध्या तासावर. डेमो उठला. किल्ली घेतली.

मग परत बसला.

त्याने जुना प्रोग्राम चढवला. खुर्चीची फाइल उडत नव्हती... पण तिची तारीख बदलता येत होती. आश्रमात एक शिवीकाका होते. आयाला, डॉक्टरला, डाळीला, सगळ्यांना शिव्या घालायचे. त्यांना भेटायलाही कुणी येत नसे.

डेमोने खुर्चीला शिवीकाकांचा सेकंद दिला.

पानावर आत्या आली. काका गेले.

"दादा! उठून बसल्या हो. चहा मागतायत!" आया रडत हसत होती. "थांबा हं... त्या बाजूच्या खोलीत काय झालं बघते..."

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"काय रे बाळा, जेवलास?"

"हो. कशी आहेस?"

"बरी आहे. खोलीत खुर्ची आणून ठेवलीय कुणीतरी. शिवीकाका बसलेत तिच्यावर."

डेमोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मेल्यापासून शिव्या देत नाहीत, तेवढं बरं झालं. एकच विचारतात सारखे. म्हणतात, तुमच्या भाच्याला विचारा, मीच का?"

दुसऱ्या सकाळी खुर्ची पुन्हा आत्याच्या सेकंदावर होती.

डेमोने ती हलवली. कुणाच्या नावावर, ते मला त्याने सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही. त्यानंतर रोज हलवली. चहा, बिस्किट, खुर्ची. पहिले काही दिवस तारीख हाताने टाकायचा. नंतर शॉर्टकट केला.

मॅनेजरबाईंचा फोटो "संपर्क" पानासाठी त्याच फोल्डरमध्ये होता. आता संपर्क होत नाही.

"खुर्ची एकच आहे रे," आत्या फोनवर म्हणायची. "बाकीचे सगळे उभे असतात. माझ्याकडे तोंड करून. झोपू देत नाहीत. तो सेकंद मला दे ना, बाळा. थकले रे मी."

"काहीतरी काय बोलतेस, आत्या. रविवारी येतो ना."

मागे लाकूड कुरकुरायचं... आणि मग, एकदम, खूप जणांनी पाय बदलल्याचा आवाज.

हे सगळं मला डेमोने गेल्या शुक्रवारी सांगितलं. बिस्किट खात, गिऱ्हाइकाची तक्रार सांगावी तसं. मी हसलो. तो हसला नाही.

"आश्रमात आता आत्या एकटीच उरलीय," तो म्हणाला. "गेलेल्यांचे फोटो काढून टाकले. फोल्डरमध्ये दोनच उरलेत. ती आणि खुर्ची. खुर्ची हलवायला दुसऱ्या कुणाचा सेकंदच नाही."

"मग?"

"तुझा एक फोटो पाठव ना. सहज."

"वेडा आहेस का?"

"बरं, राहू दे," तो म्हणाला आणि बशीतला चुरा बोटाने गोळा करत बसला. "व्हॉट्सॲपवर तुझा फॅमिली फोटो आहे तो चालेल. चौघं आहात ना? चार दिवस निघतील."

मी डीपी तेव्हाच काढला. बायकोने विचारलं, का काढलास? काय सांगणार!

आज सकाळी राहवलं नाही, म्हणून आश्रमाचं पान उघडलं. आत्या दिसली. डोळे सताड उघडे. तिच्याखाली खुर्ची.

खुर्चीखाली आणखी एक चौकोन आहे. फोटो अजून आलेला नाही, नुसतं गोल गोल फिरतंय...

आतल्या खोलीत सगळे झोपलेत. आमच्याकडे नेट जरा स्लो आहे.