साहेबाची रिकामी खुर्ची

पटो न पटो, हे घडलंय. मनवेलपाड्यातल्या त्या बिल्डिंगमध्ये आजही विचाराल, तर लोक दार लावून घेतात.

साल १९९८. गणपतीतली संध्याकाळ, आरती नुकतीच आटोपलेली. मंडळाचं नाटक होतं, इंग्रजांना कर नाकारून फासावर गेलेल्या एका तमिळ पाळेगाराचं. पाळेगार म्हणजे तिकडचा सरदार. गोष्ट तळमजल्यावरच्या सेल्वीअक्कांच्या गावाकडची, त्यांनीच सांगितलेली.

पाळेगार झाला परेश. त्याला फाशी देणारा साहेब झाला त्याचा सख्खा थोरला भाऊ, विलास.

तालमीतच अक्कांनी विलासला बजावलं होतं.

"साहेबाचा पार्ट आमच्या गावात कोन करत नाय. खुर्ची रिकामी ठेवायची, वरती टोपी. बस."

"का हो, अक्का?"

"त्यात तो स्वतः येऊन बसतो."

विलासने ते हसण्यावारी नेलं. नाटकात रिकामी खुर्ची काय बघायची लोकांनी?

शेवटचा प्रवेश आला. परेश स्टुलावर उभा, गळ्यात सैल फास. समोर साहेबाच्या खुर्चीत विलास. दोराचं दुसरं टोक वरच्या बांबूवरून नुसतं खाली सोडलेलं. ते कुणाच्याच हातात नव्हतं.

तेवढ्यात माइकमधून बुटांचा आवाज आला...

विलासच्या पायात तर चपला होत्या.

मग त्याच्या मांडीवर कुणीतरी बसलं. दिसत काहीच नव्हतं, पण छाती दबली.

"खेच," विलासच्या तोंडून निघालं.

नाटकात हा शब्दच नव्हता.

मोकळा दोर हळूहळू ताठ झाला... परेशच्या टाचा स्टुलावरून सुटल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय काम करतो पोरगा, म्हणाले.

परेशने भावाकडे बघून हात जोडले. 'सोडवा त्याला' असं विलासला ओरडायचं होतं. तो जीव तोडून ओरडलाही. पण बाहेर आलं ते...

"अजून वर."

आणि तो हसत होता. आपण हसतोय हे त्याला कळत होतं, पण तोंड मिटत नव्हतं.

सेल्वीअक्कांनी धावत येऊन खुर्ची उलथवली. विलास खाली पडला, तसा दोर सैल झाला. परेश मात्र उठला नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. दोर कुणी ओढला, ते आजवर कळलेलं नाही.

त्यांची आई पहिल्या रांगेत बसली होती. तेराव्यापर्यंत ती विलासशी बोलली नाही. मग त्याच्या पानात वाढताना एवढंच म्हणाली,

"तो हात जोडत होता रे. आणि तू हसत होतास."

तो मी नव्हतो, हे सांगायला विलासने तोंड उघडलं...

आणि आईसमोर तो तसाच हसत सुटला.