कोरा रकाना

"सुमतीताई, तुम्ही या यादीत नाहीच आहात!"

दादरच्या वधू-वर मंडळाच्या कचेरीत स्पृहा कॉम्प्युटरसमोर ताडकन उठली. शेजारी सुमती बसली होती, तिची शिवाजी पार्कची शेजारीण. वय चौतीस, विधवा. चौदा महिन्यांपूर्वी नाव नोंदवलं, अजून एकाही स्थळाचा फोन नाही. आणि आता मंडळाचे चिटणीस गंगाधरराव, बावन्न वर्षांचे बिजवर, स्वतःच तिला मागणी घालून बसले होते. रविवारी ती हो म्हणणार होती. का, तर दुसरं कोणी विचारत नाही म्हणून!

स्पृहा प्रोग्रामर. तिने मंडळाच्या वेबसाइटवर वधू शोधल्या होत्या. वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, सगळे रकाने रिकामे. यादीत चारशे बारा जणी. नोंदवहीत मात्र चारशे एकोणीस.

मग तिने वैवाहिक स्थितीत 'विधवा' निवडलं. सुमतीसकट सात जणी हजर!

आता वर शोधले, पुन्हा सगळं रिकामं ठेवून. एकूण एक बिजवर दिसले.

तिने वेबसाइट बनवणाऱ्या अमितला बोलावलं.

"रकाना रिकामा असेल तर ती अट गाळायची. बरोबर?"

"हो."

"मग इथे रिकामा म्हणजे 'प्रथम विवाह' का धरलाय? तेही फक्त मुलींसाठी?"

अमितने मान खाली घातली. "गंगाधरकाकांनी सांगितलं. मला वाटलं, मंडळाचा नियम असेल."

"कधी सांगितलं?"

"चौदा महिने झाले."

पलीकडच्या टेबलामागे बसलेले गंगाधरराव हसले. "अहो, ज्याला विधवा चालते, तो निवडेल की!"

शी! स्पृहाला त्या हसण्याकडे बघवेना.

"कोण निवडतं? विधवा चालत असली तरी आपली माणसं तसं उघड लिहीत नाहीत, रकाना कोरा सोडतात. तीस वर्षं फॉर्म वाचताय, तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. बिजवर लपवले नाहीत, कारण त्यांत तुम्हीही आहात. ताईंनी नाव नोंदवलं आणि तुमची नजर त्यांच्यावर गेली. त्यांच्यापायी बाकी सहा जणीही गायब केल्यात. वर दर सोमवारी फोन, 'कोणी विचारलं नाही हो'. ताई खचल्या, मग तुम्ही उपकार करायला पुढे! किळसवाणा प्रकार आहे हा."

"म्हणजे मला कोणी नाकारलंच नव्हतं?" सुमतीने विचारलं.

"तुम्ही कोणाला दिसलाच नव्हतात, ताई."

"सुमतीबाई, ऐका तरी..." गंगाधररावांनी हात पुढे केला.

"लांब व्हा!" सुमती कडाडली. मग अमितकडे वळली. "ती अट काढ. आत्ता, माझ्यासमोर. सातही जणींची."