कार्डाशिवायचे आठ फोटो

ह्यांच्या वर्षश्राद्धाला अकरा दिवस उरले असताना माझ्या ध्यानात आले की भिंतीवर लावण्याजोगा ह्यांचा एकही फोटो घरात नाही.

आमच्या घरात फोटोंना तोटा नाही, म्हणून हे सांगताना मला संकोच वाटतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, ह्यांनी मुठीत मावेल एवढा डिजिटल कॅमेरा घेतला आणि पुढची वीस वर्षे तो सोडला नाही. बारशी, मुंजी, डोहाळजेवणे, जायकवाडीचे पाणी, समर्थनगरातल्या आमच्या गल्लीत उभा राहणारा पाण्याचा टँकर, सगळे टिपून ठेवले. टिपणारा मात्र चित्रात येत नाही. अल्बमांत मी शेकडो ठिकाणी आहे. हे आहेत ते एकाच फोटोत, आमच्या लग्नातल्या, आणि तिथे चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला आहे.

अखेरच्या आजारात फोटो निघाला असता. तो मी निघू दिला नाही.

माझ्या माहेरी आजारी माणसाचा फोटो काढत नसत. काढला म्हणजे त्याला निरोप दिला, असे मानत. मी छत्तीस वर्षे मुलींना गणित शिकवले, त्यांतली नऊ मुख्याध्यापिका म्हणून, आणि असल्या समजुतींना वर्गात कधी थारा दिला नाही. तरी ह्यांना पश्चिमेच्या खोलीत दिवाणावर झोपवले, तेव्हापासून ती समजूत माझ्या घरात माझ्याच पायांनी वावरू लागली. हे रोज म्हणत, "त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बस जरा. आधी तुझा काढतो, मग आपल्या दोघांचा. दहा सेकंदांची सोय आहे यात."

मी म्हणे, "बरे व्हा, मग काढू."

एक दिवस मी कॅमेऱ्यातले कार्ड काढून घेतले आणि ते बिघडले असे सांगितले. हे माझ्याकडे पाहत राहिले, मग हसले. त्यानंतरही दुपारी कधी कधी खटका वाजल्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. कार्ड नाही म्हणजे काही उमटणार नाही, असे समजून मी पोळ्या लाटत राही. ते कार्ड मी कुठे ठेवले हे मला आजतागायत आठवलेले नाही.

माझी नात स्वराली माझ्याजवळच राहते आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी करते. मी फोटोचा विषय काढला त्या संध्याकाळी तिने कॅमेऱ्याची बॅटरी भरली आणि बराच वेळ कळा दाबत बसली. पडद्यावर मधोमध काळा डाग पसरलेला असल्यामुळे कडेची अक्षरे तेवढी दिसत होती.

"आजी, यात कार्ड नाहीये. पण आठ फोटो आहेत."

"कार्ड नसताना?"

"कॅमेऱ्याची स्वतःची थोडी मेमरी असते. आबांनी कार्डाशिवाय काढले असणार, ते आत राहिले."

दहा सेकंदांची ती सोय मला आठवली. आठांतल्या एकात तरी हे असतील.

पण फोटो बाहेर यायला तयार नव्हते. त्या कॅमेऱ्याची तार वेगळ्याच तोंडाची होती, ती हरवली होती. आतले फोटो नव्या कार्डावर उतरवून घ्यायचे, हा एकच मार्ग उरला. स्वरालीने बत्तीस जीबीचे कार्ड मागवले. कॅमेऱ्याने 'कार्ड एरर' अशी अक्षरे दाखवली. मैत्रिणीकडून चौसष्टचे आणले, तरी तेच. मी दोन्ही कार्डे तळहातावर ठेवून पाहिली. आकार तोच, कोपरा तसाच कापलेला, सोनेरी पट्ट्या तितक्याच. तरीही कॅमेरा त्यांना ओळख देईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पैठणगेटला गेलो. मोबाइलच्या दुकानांच्या ओळीमागे एका जिन्याखाली सांडू नावाच्या कारागिराचे टेबल आहे. तो रोज फुलंब्रीहून येऊन जाऊन काम करतो. स्वरालीने त्याला आबांच्या आठ फोटोंची हकीकत सांगितली. त्याने कॅमेरा उलटा केला, कार्डाची खाच पाहिली आणि मान हलवली.

"आजी, ह्याला आत्ताचं कार्ड चालत नाय. बाहेरून दिसतंय सारखंच, पन आतली लिहायची तऱ्हा येगळी. ह्याला ते वाचताच येत नाय. दोन जीबी न्हाईतर त्याच्या आतलं पाहिजे, अन् तसलं आता कोन बनवतंय?"

"तुमच्याकडे जुने असेल. नीट पाहा."

त्याने सुपारीचा एक डबा टेबलावर पालथा केला. खालून निळ्या रंगाचे, कडा झिजलेले कार्ड निघाले. पाचशे बारा एमबी.

"हे लागंल. आधी पुसून घ्या, पन कॅमेऱ्यातच पुसा, कंप्युटरवर नाय. अन् एक ध्यानात ठेवा. कार्ड नीट बसलं नसलं ना, तर कॅमेरा आतलंच सगळं पुसून टाकील. मग आबा काय परत यायचे नाय."

"ते तसेही येणार नाहीत."

"फोटोचं म्हनतो मी." तो वरमला. मग स्वरालीकडे वळून हळूच म्हणाला, "आजी शाळेत होत्या का? माझी थोरली बहीन सांगायची असला आवाज."

"होती," स्वराली म्हणाली. "अजूनही आहे. शाळा तेवढी बदलली."

घरी आल्यावर कार्ड मी स्वतः खाचेत सारले. टक् असा बारीक आवाज झाला. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचे चिन्ह उमटले. मी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले आणि कार्ड काढून पुन्हा बसवले. स्वरालीचा अंगठा पुसण्याच्या कळेवर थांबला.

"आजी, तूच दाब. काही झालं तर मला आयुष्यभर ऐकावं लागेल."

मी दाबली. आठाचा आकडा शाबूत राहिला. मग आम्ही आठही फोटो कार्डावर उतरवले आणि कार्ड तिच्या संगणकात घातले.

आठही फोटोंत हे नव्हते. आठही फोटो त्या रिकाम्या खुर्चीचे होते.

दिवाणावर पडून काढलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या खालच्या कडेला ह्यांचे उभे केलेले गुडघे होते, निळ्या चौकटीच्या चादरीखाली. पलीकडे खिडकी, खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर कलते ऊन. मी बसणार म्हणून जागा धरून ठेवावी तसे हे तिच्याकडे पाहत राहिले होते. स्वरालीने माझ्यासाठी पाणी आणून ठेवले.

मोजण्याची सवय माझ्या अंगात आहे. दुसऱ्यांदा पाहताना मी फरश्या मोजल्या. खोलीत शहाबादी फरशी आहे, दोन फुटांची एक. पहिल्या फोटोत दिवाण आणि खुर्ची यांच्यामध्ये पाच फरश्या होत्या. तिसऱ्यात चार. सहाव्यात तीन. आठव्यात दोन.

ती खुर्ची सागवानी आहे, दोघांनी धरल्यावाचून सरकत नाही. ह्यांना शेवटी कुशीवर वळायलाही मदत लागे. म्हणून सकाळी सरूबाई आल्यावर मी तिला विचारले. ती करमाडहून येते. आजारपणात दिवसभर ह्यांची देखभाल तिनेच केली होती.

"सरूबाई, आबांनी तुला कधी ही खुर्ची पुढे घ्यायला सांगितली होती?"

"नाय बा. मी एकलीनं हालते व्हय ती? खिडकीपशीच व्हती की, आत्ता हाय तिथंच." ती पदराला हात पुसत थोडी थांबली. "आबा लई बघायचे पन तिच्याकडं. मला वाटायचं, उन्हाचं बघत्यात."

चौथ्या दिवशी स्वरालीने कॅमेरा पुन्हा सुरू केला. कार्ड तिच्या संगणकातच होते. कॅमेऱ्याच्या आत आता नऊ फोटो होते.

"कपाटात ठेवताना कळ दाबली गेली असेल," ती म्हणाली. मीही तसेच म्हणाले.

तो नववा फोटो आम्ही उतरवून घेतला. खोली तीच, गुडघे तेच, निळी चादर तीच. खुर्ची आणखी पुढे आली होती, मध्ये फरशी एकच. आणि खिडकीच्या कट्ट्यावर सदाफुलीची कुंडी होती.

ती कुंडी स्वरालीने यंदाच्या जूनमध्ये आणली. हे गेले मागच्या नोव्हेंबरात. निळी चादर आणि गादी तेराव्याच्या आधीच देऊन टाकली होती. तेव्हापासून दिवाण नुसत्या फळ्यांचा आहे.

स्वराली उठून त्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि आत न जाता परत आली.

"आजी, हा कॅमेरा आपण सांडूभाऊंना देऊन टाकू या."

"आधी माझे काम होऊ दे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येण्याचा वार होता. आठवड्यातून एकदा येणारे पाणी, त्यामुळे सारी गल्ली हंडे, पिंपे आणि मोटारींच्या आवाजात गुंतलेली होती. भरून झाल्यावर मी सरूबाईला खोलीत बोलावले.

"खुर्चीची ती बाजू धर."

"कुठं न्यायची?"

"दिवाणाकडे. मी थांब म्हणेन तिथपर्यंत."

आम्ही ती ओढत नेली. एक फरशी उरली तेव्हा मी थांब म्हणाले. सरूबाईने रिकाम्या दिवाणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पदर डोक्यावर घेऊन गच्चीवर टाकी बघायला निघून गेली.

मी दिवाणाच्या फळ्यांवर ह्यांची चार जाड पुस्तके रचली आणि त्यांवर कॅमेरा ठेवला. कार्ड आत घातले नाही. ह्यांचे फोटो कार्डाविना निघाले होते, माझाही तसाच निघावा. दहा सेकंदांची कळ कोणती ते मला स्वरालीने लिहून दिले होते. ती दाबली आणि मी खुर्चीत येऊन बसले.

लाल दिवा लुकलुकू लागला.

दुपारचे साडेतीन झाले असतील. ऊन माझ्या मांडीपर्यंत आले होते. बाहेर कोणाच्या तरी पिंपात पाणी पडत होते, आणि तो आवाज हळूहळू दूर जात राहिला, जणू गल्लीच उचलून कोणी पलीकडे नेत होते.

मी मनात आकडे मोजत होते. सात. आठ.

दिवाणाची फळी करकरली. माणूस टेकून बसण्यासाठी पाठ वर ओढून घेतो, तेव्हा करकरते तशी.

मी पदर सारखा केला.

नऊ.

खटका वाजला.

दहावा फोटो आम्ही त्याच संध्याकाळी उतरवला. मी खुर्चीत बसले आहे, हात मांडीवर, केसांवर ऊन. मी हसते आहे. वीस वर्षांच्या अल्बमांत मी हसताना कुठेच नाही, हे मला तो पाहताना कळले.

फोटोच्या खालच्या कडेला निळ्या चौकटीची चादर होती, आणि तिच्याखाली उभे केलेले दोन गुडघे.

"आजी, दिवाणावर काहीच नव्हतं ना?" स्वरालीने विचारले.

"चार पुस्तके होती."

ती माझ्या खांद्याला टेकून बसली, लहानपणी बसे तशी. मी तिला सांगितले की भिंतीवर हाच फोटो लागेल. लग्नानंतरचा दोघांचा असा एकच आहे, आणि तो मी एकदा नाकारलेला आहे.

गुलमंडीवरच्या एका फ्रेमवाल्याला तिने फोटो पाठवला आणि फोनवर सांगितले, वर्षश्राद्धासाठी आहे, चांगली लाकडी फ्रेम हवी. त्याने नाव विचारले. फोटो माझा, म्हणून तिने माझे नाव सांगितले. एवढ्यावर त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे काम केले.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आली. मी कागद काढला. माझ्या फोटोला चंदनाचा हार घातलेला होता. खाली सोनेरी अक्षरांत लिहिले होते, कै. दमयंती सदाशिव. त्याखाली 'देहावसान', आणि एक तारीख.

स्वरालीचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. फोनवर फ्रेमवाला गोंधळला. "ताई, नाव तुम्हीच दिलं. अन् तारीख मी मनानं कशाला लिहीन? फोटोच्या कोपऱ्यात हाय तीच घेतली."

आम्ही तो फोटो पुन्हा उघडला. चादरीच्या चौकटींमध्ये हरवलेले बारीक नारिंगी आकडे कोपऱ्यात होते. आधीच्या नऊ फोटोंवर तसे काही नव्हते. स्वराली घाईघाईने सांगू लागली की बॅटरी उतरली की असल्या कॅमेऱ्यांचे घड्याळ बिघडते, ते मागे जाते, थेट दोन हजार पाचवर.

मागे जाते हे खरे. ही तारीख सतरा डिसेंबरची होती, याच वर्षीची.

ती फ्रेम परत पाठवायला निघाली तेव्हा मी तिला थांबवले आणि स्वतःच्या हाताने ती खिळ्याला लावली. श्राद्ध यथासांग पार पडले. जेवायला आलेल्यांपैकी कोणीही फोटोकडे पाहून काही बोलले नाही. मला वाटते, त्यांना धीर झाला नाही.

सतरा डिसेंबरला बुधवार येतो. त्या दिवशी घरीच राहा, असे मी काल स्वरालीला सांगितले. तिने रजेचा अर्ज टाकलासुद्धा. का, ते तिने विचारले नाही.