आवाज जुळत नाही

टकटक्याला सगळे टकटक्या म्हणायचे ते काही उगाच नाही. घर विकत घ्यायच्या आधी लोक त्याला बोलवायचे आणि तो बोटाच्या पेराने भिंती वाजवत खोल्याखोल्यांतून फिरायचा. गिलावा कुठे सुटलाय, ओल कुठवर मुरलीय, तडा वरवरचा की आतपर्यंत गेलेला, हे तो नुसत्या कानाने सांगायचा. हात धुळीने माखलेले, एका हातात बॅटरी, मग लिहायचं कधी? म्हणून तो मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून ठेवायचा, भिंत वाजवायचा आणि मोठ्याने बोलायचा. मोबाइलने ते लिहून घ्यायचं, अशी ती सोय.

सोय कसली, डोक्याला ताप! मोबाइलमधून जी बाई बोलायची तिला तो बाईसाहेब म्हणायचा, आणि त्या दोघांचं एक दिवस पटेल तर शपथ. हा भिंतीबद्दल सांगायचा, बाईसाहेब भलतंच काहीतरी लिहून मोकळ्या. बहिणीला फोन लाव म्हटलं की त्या प्लंबरला लावायच्या. प्लंबरही इतका वैतागला होता, की फोन उचलताच "आजही चुकून ना?" असं विचारायचा. "माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा सांगा" हे वाक्य कानावर पडलं की टकटक्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अगं बये, कान साफ कर जरा!" म्हणून तो रिकाम्या घरात एकटाच ओरडायचा.

त्या दुपारचं घर मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं. ते त्याच्या धाकट्या बहिणीचं होणार होतं. नवऱ्यापासून वेगळी होऊन, लेकीचं बोट धरून ती दादाकडे राहायला आली होती, आणि आल्यापासून स्वयंपाकघरात तिची नि वहिनीची धुसफूस चालली होती. कोणी वाईट नव्हतं हो, पण एका ओट्यापाशी दोघी म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच. तिला तिचं दार हवं होतं, तिची कडी हवी होती. दादालाही मनापासून वाटत होतं, की आता हिचं मार्गी लागावं.

"मला त्यातलं काही कळत नाही, दादा," ती सकाळी म्हणाली होती. "तू आत जाऊन बघ आणि फोनवर सांग. तू हो म्हणालास की मी सही करते. नाही म्हणालास तर विषय संपला."

"मामा, माझी खोली मोठी आहे का बघ!" छोटी मागून ओरडली.

घर गल्लीच्या टोकाला होतं, बैठं, चांगलं ऐसपैस. फाटकाशी दलाल उभा होता. हा माणूस बोलायला लागला की दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवायचा नाही. पाण्याचं सांगून झालं, शेजारपाजारचं सांगून झालं, स्वतःच्या गुडघेदुखीचंही सांगून झालं. मग त्याने कुलूप काढलं, दार ढकललं, आणि बोलता बोलता एकदम गप्प झाला. दातखीळ बसावी तसा.

"वीज चालू आहे ना?" टकटक्याने विचारलं.

दलालाने मान हलवली.

"आधी कोण राहायचं इथे?"

दलालाने हाताने दूर कुठेतरी दाखवलं, किल्ली टकटक्याच्या हातात ठेवली आणि पाठ फिरवून निघाला. फाटकाबाहेर पाऊल पडलं न पडलं तोच कुणालातरी फोन लावून त्याची टकळी पुन्हा सुरू झाली.

हे काही टकटक्याला बरोबर वाटलं नाही. दलाल बोलायचा थांबला म्हणजे भिंतीत काहीतरी नक्की लपवलंय, अशी शंका त्याच्या मनात आली. बघतोच, म्हणाला, आणि आत शिरला.

आत बंद घराचा वास होता, लाकडाचा नि धुळीचा. त्याखाली आणखी एक कोमट, दमट वास होता. कुणी अगदी तोंडाजवळ येऊन श्वास सोडावा तसा. ओल असणार, तो मनाशी म्हणाला. मोबाइल कट्ट्यावर उभा केला, पहिली भिंत वाजवली आणि सांगायला लागला. "बाहेरची खोली. समोरची भिंत भरीव. खिडकीखाली गिलावा सुटलेला."

मोबाइलच्या पडद्यावर शब्दन् शब्द बरोबर उमटला होता.

"वा, बाईसाहेब! आज सूर्य कुठून उगवला?" त्याला हसू आलं. दुसऱ्या खोलीतही तेच. तो भरभर बोलत गेला आणि बाईसाहेब भरभर लिहीत गेल्या. घराचंही चांगलं चाललं होतं. तेवढा गिलावा सोडला तर भिंती ठणठणीत, छताला एक डाग नाही. चेव येऊन तो नेहमीपेक्षा जास्तच बोलायला लागला. छोटीची खोली ही, इथे तिचं कपाट, इथे बहिणीचं शिलाई मशीन, असं सगळं मोठमोठ्याने ठरवत फिरला. एव्हाना घसा जरा खरखरायला लागला होता. धूळ, दुसरं काय.

मधल्या खोलीत त्याने भिंत वाजवली आणि बोलण्याआधी सहज पडद्याकडे पाहिलं.

तिथे लिहिलेलं होतं, "कोपऱ्यात पोकळ."

तो अजून काही बोललाच नव्हता. त्याने कोपऱ्यात वाजवून पाहिलं. पोकळ होतं.

टकटक्या काही भोळा माणूस नव्हता. त्याचा पहिला संशय गेला मोबाइलवर. हल्ली हे पुढचा शब्द आपणच सुचवतात, तसलं काहीतरी असेल. दुसरा संशय गेला दलालावर. त्याने घरात कुठेतरी बारकासा स्पीकर लपवलाय, आणि बाहेर बसून तो बोलतोय, म्हणूनच मघाशी तोंड उघडत नव्हता! टकटक्याने माळा पाहिला, दारांमागे पाहिलं, मीटरच्या पेटीत बॅटरी घालून पाहिलं. कोळ्याच्या जाळ्याशिवाय काही सापडलं नाही. मग त्याने मोबाइलचं नेटवर्क बंद केलं, तो पुन्हा कट्ट्यावर ठेवला, ओठ घट्ट मिटले आणि पाहत उभा राहिला.

बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

पडद्यावर एकेक शब्द उमटायला लागला.

"शोधून झालं?"

त्याखाली आणखी शब्द उमटले.

"थांबलास का? बोल ना अजून... फार दिवसांनी कुणी एवढं बोललं."

 मग, "छोटीला मोठी खोली हवी ना? आहे मोठी. बहिणीला हो म्हण."

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दलालाने भिंतीत काही लपवलं नव्हतं. दलाल घाबरत होता. या घरात तोंड उघडायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मेल्याने सांगितलं नाही! आणि आपण? आपण आल्यापासून तोंडाचा पट्टा चालवतोय, खोलीखोलीत, मोठ्याने.

एक गोष्ट मात्र त्याला स्वच्छ कळत होती. बहिणीला नाही म्हणून सांगायचं, आत्ताच्या आत्ता. त्याने मोबाइल उचलला, नेटवर्क चालू केलं. धुळीने माखलेली बोटं पडद्यावर घासली, पण पडदा काही केल्या दाद देईना.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "बहिणीला फोन लाव."

आवाज त्याचा त्यालाच कसातरी वाटला. फाटका, जुनाट.

"माफ करा," बाईसाहेब म्हणाल्या. "आवाज जुळत नाही."

"अगं मीच आहे! बहिणीला फोन लाव!"

"आवाज जुळत नाही. फोनच्या मालकाने बोलावं."

तो ओरडला, खोकला, पुन्हा ओरडला. बाईसाहेबांचं एकच पालुपद. शेवटी तो दमून थांबला.  तो श्वास सोडल्यासारखा वास आता अगदी गालापाशी येत होता.

"बोला, ऐकतेय," बाईसाहेब अचानक म्हणाल्या.

तो काहीच बोलला नव्हता.

"ठीक आहे. बहिणीला फोन लावते."

आणि आजवर ज्यांनी एकदाही धड नंबर लावला नाही, त्या बाईसाहेबांनी बरोबर बहिणीला फोन लावला.

"हॅलो, दादा?" बहिणीचा आवाज आला. "बोल... काय सांगतोस! खरंच? एकही डाग नाही?"

"नाही! ऐक माझं, नाही म्हणतोय मी!" टकटक्या जिवाच्या आकांताने ओरडला.

"अरे, ओरडतोस कशाला, छान ऐकू येतंय," बहीण हसली, पण ते बोलणं त्याच्याशी नव्हतं. "अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं. मग हो ना? नक्की हो? ... आत्ता येऊ? छोटीला घेऊन? बरं, निघतेच."

त्याने मोबाइल उचलून जमिनीवर आपटला. काच फुटली, पडदा काळा पडला. त्यावर त्याने टाचही दिली. भिंतीआडून की कुठून, कुणी बोलत होतं की काय हे ऐकायला तो थांबला नाही. तुकडे खिशात कोंबले आणि जीव मुठीत धरून पळत सुटला.

रिक्षावाल्याला त्याने पत्ता सांगितला, पण त्याला ते नीट ऐकू गेलं नाही. "आजोबा, जरा मोठ्याने बोला," म्हणाला. आणि मग मागे वळला, तर चाळिशीतला माणूस बघून ओशाळला. टकटक्याने उरलेला रस्ता हाताने दाखवला. वाटेत तो हळूच स्वतःशी पुटपुटून बघत होता. बहिणीचं नाव, छोटीचं नाव. एकही शब्द त्याच्या ओळखीच्या आवाजात बाहेर येत नव्हता.

घरापाशी पोचला तेव्हा बहीण दाराला कडी घालत होती. नवी साडी नेसली होती, चेहरा किती दिवसांनी खुलला होता. छोटी पायरीवर बसली होती आणि आईचा फोन कानाला लावून खिदळत होती.

"दादा?" बहीण थबकली. "तू इथे? अरे, तू तर अजून फोनवर छोटीशी..."

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "त्या घरात जाऊ नकोस. तो मी नव्हतो."

कुणा म्हाताऱ्या, परक्या माणसाचा आवाज होता तो. पायरीपाशी ऐकणाऱ्या दोघींनाही तो परकाच वाटला. बहिणीच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग छोटीच्या कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याची सख्खी बहीण एक पाऊल मागे सरकली.

"अगं, मीच आहे, दादा..." तो रडवेला होऊन म्हणाला आणि फोन घ्यायला त्याने हात पुढे केला.

छोटीने फोन छातीशी धरला. मग पुन्हा कानाला लावला, नीट ऐकून घेतलं, शहाण्यासारखी मान डोलावली आणि आईचा पदर ओढला.

"आई, मामा म्हणतोय, या आजोबांशी बोलू नका. पटकन निघा, तो दार उघडून ठेवतोय."